गटाचा खर्च कोणी उचलायचा?

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातून आलेल्या एका पत्राचा आशय थोडक्यात असा आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा पुण्या-मुंबईहून गावी परतू पाहणाऱ्यांसाठी चौघा मित्रांनी व्हॉट्सॲपवर एक गट सुरू केला. ई-पास कसा काढायचा आणि राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कोणते कागद मागतात, एवढेच त्याचे काम होते. साथ सरली, गट मात्र राहिला आणि वाढला. एका गटात १,०२४ पेक्षा जास्त लोक बसत नाहीत, म्हणून आज तीन गट आहेत आणि त्यांत बेळगाव, खानापूर, निपाणीचे आणि सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडचेही मिळून २,८०० जण आहेत. कन्नड अर्ज भरून देणे, पहाणी म्हणजे जमिनीचा कन्नड उतारा वाचून सांगणे, नोकरीच्या जागा आणि प्रवेशाच्या तारखा कळवणे अशी महिन्याला ९० च्या घरात कामे येतात. ती करण्यासाठी एक पदवीधर मुलगी अर्धवेळ ठेवली आहे. तिचे ८,००० रुपये, फोन आणि संगणकाचे २,५०० आणि झेरॉक्स, प्रवास व किरकोळ २,००० असा महिन्याचा १२,५०० रुपयांचा खर्च चौघे ॲडमिन खिशातून भागवतात. आता भूखंड विकणाऱ्या एकाने जाहिरातीसाठी महिना १०,००० रुपये देऊ केले आहेत, आणि भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या एका वर्गाने प्रत्येक प्रवेशामागे कमिशन देऊ केले आहे. “पैशाचं नाव काढलं की लोकं गट सोडतात बघा,” असे पत्रलेखक म्हणतात, जूनमध्ये वह्या घाऊक घेऊन वाटण्याची कल्पनाही मांडतात आणि विचारतात, की जाहिरात घ्यावी, वर्गणी लावावी की देणगी मागावी, आणि चौघांनी स्वतःला काही मानधन घ्यावे का.

सप्रेम नमस्कार.

आधी भूखंडाच्या प्रस्तावाविषयी लिहितो, कारण तो आपल्याला सर्वांत सोपा वाटत असावा. तो घेऊ नये. बेळगावच्या आसपास बिगरशेती न झालेल्या जमिनीचे तुकडे बाँड पेपरवर विकले जातात, हे आपल्याकडे कोणाला नव्याने सांगायला नको. उद्या आपल्याच गटातला एखादा माणूस त्या जाहिरातीतल्या भूखंडाचा सर्व्हे नंबर घेऊन येईल आणि म्हणेल, की पहाणी कन्नडमध्ये आहे, जरा वाचून सांगा. नवव्या रकान्यात मालक म्हणून भलत्याचेच नाव निघाले, किंवा अकराव्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा निघाला, तर आपण कामाला ठेवलेली मुलगी त्याला काय सांगणार? खरे सांगितले तर दहा हजार जातील. गोलमाल उत्तर दिले, तर गेल्या काही वर्षांत मिळवलेला विश्वास जाईल, आणि तो जाताना गटावर कोणी तसे लिहूनही कळवणार नाही. प्रशिक्षण वर्गाच्या कमिशनचेही तसेच आहे. सैन्यभरतीची तयारी करणारा खानापूरचा मुलगा “कोणता वर्ग चांगला?” असे विचारतो, तेव्हा तो आपल्याला आपला माणूस समजून विचारत असतो, त्या उत्तराचे पैसे वर्गाकडून घेणे म्हणजे त्या मुलाला विकणे होय. हा शब्द कठोर आहे, पण मला दुसरा सापडत नाही.

माझे मत असे, की अशा गटाचा पैसा त्यातल्या माणसांकडूनच यावा आणि तो त्यांच्यासाठी केलेल्या कामाचाच असावा. या माणसांना ज्यांना काही विकायचे आहे, त्यांच्याकडून तो येऊ नये. हे केवळ नीतीचे बोलणे नाही. इंटरनेटवर जन्मलेल्या जुन्या समुदायांकडे पाहिले, तर व्यवहारही तेच सांगतो. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेला ‘द वेल’ हा समुदाय पहिल्यापासून सभासदांच्या वर्गणीवर चालला, आणि २०१२ साली मालक कंपनीने तो विकायला काढला, तेव्हा सभासदांच्याच एका गटाने तो विकत घेतला. याउलट ‘मेटाफिल्टर’ या समुदायाचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे होते. २०१२ च्या अखेरीस गुगलच्या शोधपद्धतीत बदल झाला, बाहेरून येणारे वाचक घटले, जाहिरातींचा पैसा आटला आणि २०१४ साली तिथे कर्मचारी कमी करावे लागले. पुढे तो तगला, तो मुख्यतः सभासदांनी नियमित पैसे द्यायला सुरुवात केली म्हणून. दोन्हीकडची माणसे तशी सारखीच होती. फरक पडला तो पैसा कोणाच्या हातात होता यामुळे.

आता वर्गणी कशाची घ्यायची, हा खरा प्रश्न. गटात असण्याचे पैसे मागितले, तर लोक निघून जातील ही आपली भीती बरोबर आहे, आणि तसे मागूही नये. आपल्या भागातल्या वाचनालयांनी याचे उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले आहे. वर्तमानपत्रे बसून वाचायची तर कोणीही यावे, कोणी काही विचारत नाही. पुस्तक घरी न्यायचे, तर मात्र वर्गणी भरून नाव नोंदवावे लागते. त्याच धर्तीवर गटावरच्या सूचना, तारखा, एकमेकांना विचारलेले प्रश्न आणि सरळ मिळणारी उत्तरे सर्वांना कायम मोफत ठेवावीत. जिथे आपल्या माणसाला एका विशिष्ट व्यक्तीच्या कामासाठी बसून वेळ घालवावा लागतो, तिथून शुल्क सुरू व्हावे.

कोणत्या कामाला लोक पैसे देतील, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे: त्या कामासाठी ते आजही कोणाला तरी पैसे देत असले पाहिजेत. पहाणीचेच घ्या. गोव्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरी करणारा माणूस वडील वारल्यावर शेतावर वारसांची नावे लावायला रजा काढून येतो. अर्ज कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये. तो तहसील कार्यालयाबाहेर बसणाऱ्या कोणाला तरी गाठतो आणि तो मागेल ते देतो. दुसऱ्या खेपेला कळते, की मृत्यूच्या दाखल्यावरचे नाव आणि उताऱ्यावरचे नाव जुळत नाही, कारण एकीकडे ‘परशराम’ आहे आणि दुसरीकडे ‘परशुराम’. या माणसाला घरबसल्या कोणी सांगितले, की तुमच्या पहाणीत अमुक लिहिले आहे, अमुक कागद जोडा, नावातला हा फरक आधी दुरुस्त करून घ्या, आणि मगच या, तर त्याचा एक हेलपाटा वाचतो. त्या हेलपाट्याचे बसभाडे आणि बुडालेला रोज यांच्या मानाने आपले दीडशे रुपये त्याला जड जाणार नाहीत. अट एवढीच, की काम कबूल केलेल्या दिवशी झाले पाहिजे आणि पावती मिळाली पाहिजे. सरकारी फी आणि आपले शुल्क एकाच आकड्यात मिसळू नये. पावतीवर दोन्ही वेगळे लिहावे, म्हणजे आपण सरकारी कामाचे जास्तीचे पैसे घेतो असा बोभाटा होणार नाही. वाटणीचा वाद किंवा दाव्याचा विषय निघाला, की तिथे थांबून वकिलाकडे पाठवावे. पहाणी वाचून सांगणे आणि मालकी कोणाची हे सांगणे यांत अंतर आहे, आणि ते गटाच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले असावे.

हिशोब असा बसतो. वर्षाला ६०० रुपयांची ऐच्छिक वर्गणी ठेवावी आणि तिच्यात वर्षभरातली चार कामे द्यावीत. ज्यांना वर्गणी नको, त्यांनी प्रत्येक कामाचे १५० रुपये द्यावेत. शंभरातले पाचच जण वर्गणीदार झाले असे धरले, तर १४० जणांचे ८४,००० रुपये होतात. सुट्या शुल्काची महिन्याला ४० कामे आली, तर वर्षाचे ७२,००० होतात. एकूण १,५६,००० रुपये, आणि आपला खर्च १,५०,०००. वर्गणीदारांनी चारही कामे करून घेतली, तरी ती वर्षाला ५६० म्हणजे महिन्याला सुमारे ४७ होतात. सुटी ४० धरून ८७. म्हणजे आज त्या मुलीवर जेवढा भार आहे, त्याहून तो वाढत नाही. प्रत्यक्षात सगळे वर्गणीदार चारही कामे घेऊन येणार नाहीत, आणि ती मोकळी राहिलेली जागा ज्यांच्याकडे दीडशे रुपये नाहीत त्यांच्यासाठी ठेवावी. विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन आलेल्या बाईकडे शुल्क मागायचे नाही, एवढे तारतम्य मुलीवरच सोपवावे. त्यासाठी दाखले मागत बसू नये. पाच टक्के हा माझा अंदाज आहे आणि तो मी मुद्दाम हात राखून धरला आहे. पहिल्या तीन महिन्यांत वर्गणीदार याच्या निम्मेही झाले नाहीत, तर वर्गणीचा दर कमी करण्याच्या फंदात न पडता कामे वेळेवर होतात का, हे आधी पाहावे.

नोकरीच्या जागांबाबत विकणाऱ्याकडून पैसा न घेण्याच्या नियमाला मी एक अपवाद करीन. बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेतला फाउंड्रीवाला फिटर हवा म्हणून जाहिरात देतो, तेव्हा त्याच्याकडून ठरावीक रक्कम घ्यायला हरकत नाही, कारण त्याला मिळणारी वस्तू आणि आपल्या मुलांना मिळणारी वस्तू एकच आहे. मात्र पगार किती, हे लिहिल्याशिवाय जाहिरात लावू नये, आणि नोकरी शोधणाऱ्याकडून एक रुपयाही घेऊ नये. पुण्या-कोल्हापुरात शिकायला जाणाऱ्यांसाठी खोल्यांची खात्री करून देणे, किंवा सीमाभागातील ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाच्या ज्या शैक्षणिक सवलती आहेत त्यांचे अर्ज भरून देणे, ही कामे पहाणीच्याच दरात बसतील.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहावे. गटातच भिशी सुरू करा आणि तिच्यातून खर्च काढा, असे कोणीतरी सुचवीलच. चिटफंडासाठी १९८२ चा कायदा आहे, आणि परवानगीविना ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. चूक झाली तर नुसता दंड होऊन सुटका होत नाही. शिवाय गटातल्या गटात पैसा अडकला, की माणसे एकमेकांचे फोन घेणे बंद करतात. दुसरी गोष्ट विम्याची. परवाना नसताना विमा मिळवून देण्याचे कमिशन घेता येत नाही, आणि केवळ समूह विमा घेण्यासाठी गट उभा केलेलाही चालत नाही.

जूनमध्ये वह्या एकदम घाऊक घेऊन वाटाव्यात, ही आपल्या पत्रातली कल्पना चांगली आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली असेच एक दुकान थाटून सहकाराचा पाया घातला. ते माल बाजारभावाने विकत आणि उरलेला नफा ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत देत. पण आपल्या गटाला एक अडचण आहे, जी धारवाडच्या गटाला नसती. आपले काही लोक चंदगडात आहेत. सेवा असेल, तर राज्याबाहेरच्या माणसाला दिली तरी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. जीएसटी लागणारा माल मात्र शिनोळीची सीमा ओलांडून महाराष्ट्रात विकला, की उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. म्हणून अर्ज आणि पहाणीची कामे दोन्हीकडच्यांसाठी खुशाल करावीत. वह्यांवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, पण त्यांच्याबरोबर जीएसटी लागणारा दुसरा माल घेतला, तर त्याची खरेदी मात्र इकडच्यांची इकडे आणि तिकडच्यांची तिकडे ठेवावी, आणि पैसेही ज्याने-त्याने थेट घाऊक व्यापाऱ्याला द्यावेत.

पैसा कुठे जमा करायचा, यावर आपले पत्र गप्प आहे, आणि खरे तर भांडणे तिथूनच सुरू होतात. सध्या तो एका ॲडमिनच्या फोनवरच्या यूपीआयवर येतो असे मी गृहीत धरतो. हे लगेच थांबवावे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर आलेल्या रकमा पाहून लहान दुकानदारांना नोटिसा पाठवल्या, तेव्हा राज्यभर केवढा गहजब झाला होता, ते आपल्याला आठवत असेल. आपली रक्कम त्यांच्या मानाने किरकोळ आहे. पण गटाचा पैसा एका माणसाच्या नावावर दिसणे त्याच्यासाठीही बरे नाही आणि गटासाठीही. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात. आपण चौघे आहात, आणखी तिघे घ्यावेत आणि त्यांतली निदान एक बाई असावी. नोंदणीनंतर संस्थेच्या नावाने पॅन आणि बँक खाते काढावे, आणि पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतील असे ठरवावे. पुढे काम वाढले तर १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याचा विचार करता येईल. आज ते ओझे कशाला?

वर्गणी वर्षाला १,००० रुपयांच्या आत ठेवण्याचेही एक कारण आहे. शिक्षण, संस्कृती, समाजकल्याण अशा कामांसाठी असलेल्या ना-नफा संस्थांनी आपल्या सभासदांकडून घेतलेली तेवढी वर्गणी जीएसटीतून मुक्त आहे. आयकराच्या बाबतीत, सभासदांनी आपसात गोळा करून आपल्यासाठीच खर्च केलेल्या पैशाकडे नफा म्हणून पाहिले जात नाही. मात्र तो पैसा बँकेत ठेवून मिळालेले व्याज करपात्र ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरू क्लबच्या प्रकरणात २०१३ साली सांगितले आहे. फाउंड्रीवाल्यांच्या जाहिरातीचे आणि कागदोपत्री सभासद नसलेल्यांच्या सुट्या कामाचे पैसे म्हणूनच वहीत वेगळ्या पानावर लिहावेत. वर्षातून एकदा सनदी लेखापालाकडे जाऊन बसावे. टिळकवाडीत किंवा शहापुरात एवढ्याशा कामाचे फार पैसे न घेणारे कोणी ना कोणी सापडेल.

पैसे भरण्याची पद्धत साधी ठेवावी. संस्थेच्या खात्याचा क्यूआर पुरेसा आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआयने घेतलेल्या पैशांवर व्यापाऱ्याला बँकेचे शुल्क पडत नाही, तर क्रेडिट कार्डावर साधारण दोन टक्के आणि वर त्याचा कर जातो. महिन्याला आपोआप ५० रुपये कापून घेणारी ऑटोपे सोय आहे, पैसे कापण्याच्या एक दिवस आधी सूचना येते आणि ती केव्हाही बंद करता येते. तरीही मी आपल्याला सुरुवातीला ती सुचवणार नाही. खात्यातून आपोआप पैसे जातात म्हटले, की आपल्याकडची वडीलधारी माणसे पोराला हाक मारतात, “बघ रे, काय गेलं ते,” आणि पन्नास रुपयांसाठी आपल्याबद्दल घरात संशय येतो.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण मला ती भूखंडाइतकीच गंभीर वाटते. अर्ज भरण्यासाठी आलेले आधार, रेशन कार्ड, जातीचे दाखले आणि बँक पासबुके इतक्या वर्षांत गटाच्या कामाच्या फोनमध्ये साठून राहिली असतील. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्यातली तरतूद अशी, की ज्या कामासाठी माहिती घेतली, त्या कामापुरतीच ती ठेवावी. काम झाले की कागद फोनमधून आणि संगणकातूनही पुसावेत आणि तसा संदेश त्या माणसाला पाठवावा. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत जिथे चालते, तिथे तीच मागावी. ओटीपी कोणाचाही, कोणत्याही घाईत, फोनवर विचारू नये. आता आपण शुल्क घेणार आहात, तेव्हा उद्या काही बिघडले तर “आम्ही फुकट करत होतो” हे उत्तर चालणार नाही.

लोकांना हे कसे सांगायचे? गटावर एकाएकी दरपत्रक टाकू नये. आधी गेल्या वर्षाचा जमाखर्च टाकावा, कोणी किती खिशातून घातले तेही नावानिशी. देणगी मागू नये, कारण देणगी दरवर्षी मागावी लागते आणि दरवर्षी तेच दहा जण देतात. त्याऐवजी शहरात एक बैठक घ्यावी, ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी ती फोनवर उघडी ठेवावी, आणि दर, चार कामांची मर्यादा आणि मोफत काय राहील हे तिथे मताला टाकावे. वर्गणीदारांना वर्षातून एकदा हिशोबावर प्रश्न विचारण्याचा आणि कार्यकारिणी बदलण्याचा हक्क द्यावा. तो दिला नाही, तर ते गिऱ्हाईक होतील, आणि शेजारच्या दुकानात ११० रुपयांत अर्ज भरून मिळतो असे कळले की तिकडे जातील. काही जण बैठकीनंतर गट सोडतीलच. शे-दोनशे गेले तरी आकडे वर दिल्याप्रमाणेच बसतात.

राहिला मानधनाचा प्रश्न. पहिले वर्षभर चौघांनीही काही घेऊ नये, आणि खिशातून घातलेले जुने पैसेही परत मागू नयेत. ते गटाला दिले असे लिहून टाकावे. दुसऱ्या वर्षी शिल्लक उरली, तर आधी त्या मुलीचा पगार वाढवावा, कारण ८,००० रुपयांत अर्धवेळ म्हणत ती बहुधा दिवसभर फोन घेत असते. त्यानंतर जो ॲडमिन ठरावीक तास प्रत्यक्ष काम करतो, त्याला तेवढ्या तासांचे पैसे द्यावेत, आणि ते देण्याचा निर्णय तो स्वतः उपस्थित नसताना उरलेल्या कार्यकारिणीने लेखी ठरावाने घ्यावा. प्रशिक्षण वर्गाने आपल्याला आगाऊ म्हणून काही पाठवले असेल, तर ते या आठवड्यात बँकेमार्फत परत करावे आणि त्याची नोंद जमाखर्चात दाखवावी.